सहीताईचे तीनशे अठ्ठेचाळीस दिवस

लॉन्ड्रीत सुरक्षा समिती नेमायची ठरली त्या दिवशी ती रजेवर होती, एवढाच तिचा गुन्हा. वरून कागद आला होता की समितीत निम्मे लोक कामगारांतले हवेत आणि त्यांनी आपण होऊन पुढं यायला हवं. मुकादमानं जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना उभं केलं आणि विचारलं, "कोण येतंय आपण होऊन?" सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग कुणीतरी म्हणालं, आज जी आलेली नाही तिचं नाव घाला, ती काही नाही म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी ती दाढ काढल्यामुळं सुजलेला गाल घेऊन कामावर आली, तेव्हा नोटीस बोर्डावर तिचं नाव झळकत होतं. तोंड उघडता येत नव्हतं, त्यामुळं ती खरोखरच नाही म्हणाली नाही.

त्याला आता तीन वर्षं झाली होती. दर महिन्याच्या चौथ्या गुरुवारी, जेवणानंतर, साहेबांच्या केबिनशेजारच्या खोलीत समिती बसायची. तिला त्या बैठकीचं सुख एकच होतं, ते म्हणजे बसायला मिळायचं. बावीस वर्षं ती सकाळी सात ते दुपारी तीन उभी राहून काम करत आली होती. पोटऱ्यांवर शिरांचं जाळं उठलं होतं आणि गुडघे जिना चढताना बोलायला लागले होते. बैठकीच्या खोलीतली खुर्ची गादीची होती, डोक्यावर पंखा होता, चहाबरोबर दोन बिस्किटं यायची. कुणीतरी कागद वाचायचं, कुणीतरी "सर्वांना मान्य" म्हणायचं, आणि मग तो कागद तिच्यापुढं सरकायचा. पहिल्या वर्षी ती वाचून सही करायची. दुसऱ्या वर्षी सही करून वाचायची. तिसऱ्या वर्षी नुसती सही करायची. बायकांनी तिला सहीताई म्हणायला सुरुवात केली आणि तिचं मूळ नाव हजेरीपटापुरतं उरलं.

लॉन्ड्री तशी मोठी होती. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाचे सगळे कपडे तिथं धुवायला यायचे. चादरी, अभ्रे, पेशंटचे झगे, ऑपरेशनचे हिरवे कपडे, सगळं. इमारतीच्या मधोमध एक भिंत होती आणि त्या भिंतीतच धुण्याची मशीनं बसवलेली होती. प्रत्येक मशीनला दोन दारं. एका बाजूनं मळकं आत टाकायचं, दुसऱ्या बाजूनं धुतलेलं काढायचं. त्यामुळं लॉन्ड्रीचे दोन भाग पडले होते, मळकी बाजू आणि स्वच्छ बाजू. स्वच्छ बाजूला वाळवणं, इस्त्रीचे मोठे रोलर, घड्या. मळक्या बाजूला निवडणं. सहीताई मळक्या बाजूची. तिच्याच टेबलावर, समोरासमोर, तिची धाकटी जाऊ काम करायची. जावेला इथं चिकटवलं होतं सहीताईनंच, सहा वर्षांपूर्वी, मुकादमाच्या हातापाया पडून.

निवडण्याचं काम सांगायला सोपं आहे. थैली उचलायची, टेबलावर सोडायची, एकेक कपडा उलगडून ज्याच्या त्याच्या ट्रॉलीत टाकायचा. पण रुग्णालयातून फक्त कपडे येत नाहीत. चमचे येतात, चष्मे येतात, दातांच्या कवळ्या येतात. एकदा चालू असलेला फोन आला होता आणि पलीकडची बाई "ऐकू येतंय का?" असं विचारत होती. आणि सुया येतात. इंजेक्शनच्या, सलाइनच्या, उघड्या. वॉर्डात घाईघाईनं चादर ओढली जाते आणि सुई त्यात गुंडाळून येते. कंपनीनं जाड हातमोजे दिले होते. इतके जाड, की त्यांतून सुई काय, कवळीसुद्धा हाताला लागत नसे. सुई टोचू नये म्हणून मोजे, आणि सुई कुठं आहे ते कळावं म्हणून बोटं. म्हणून निवडणाऱ्या सगळ्या बायकांनी उजव्या मोज्याची बोटं टोकाशी कापली होती. हे शहाणपण कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. तपासणीला कुणी आलं, की त्या उजवा हात चादरीखाली घालून उभ्या राहायच्या.

पूर्वी सुई सापडली की फॉर्म भरायचा असायचा. नाव, वेळ, आणि शेवटचा प्रश्न, हातमोजे घातले होते का? एका बाईनं इमानदारीनं उत्तर लिहिलं, "अर्धे." तिला समज देणारं पत्र मिळालं आणि तिची रवानगी स्वच्छ बाजूला, रोलरच्या धगीत झाली. ती रोलरवाली अजूनही म्हणते की माझ्या शिक्षेत मी शिजून निघाले. तरीही तेव्हा महिन्याला दोन-तीन फॉर्म भरले जायचे. मग साहेबांनी फाटकाशी बोर्ड लावला.

साहेब काही वाईट माणूस नव्हता. कुठल्याशा शिबिराहून आला होता आणि त्या बोर्डावर त्याचा मनापासून विश्वास होता. "अपघाताविना दिवस" असं वर लिहिलेलं, खाली तीन खिळे आणि त्यांवर आकड्यांच्या पाट्या. तीनशे पासष्ट झाले की प्रत्येकीला एक प्रेशर कुकर आणि सगळ्या लॉन्ड्रीला एक दिवस भरपगारी सुट्टी. कुकर प्रत्येकीच्या घरी होताच. सगळ्यांचा जीव अडकला होता तो सुट्टीत. त्या दिवशी काय करायचं याच्या गप्पा टेबलाटेबलावर चालायच्या. कुणी माहेरी जाणार होती, कुणी केस रंगवणार होती. बहुतेकजणी झोपणार होत्या.

आणि बोर्ड लागला तशा मुंग्या आल्या. सुई टोचली की बाई "मुंगी चावली" म्हणायची, नळाखाली हात धरायची, बोट पिळून रक्त काढायची, चिकटपट्टी लावायची आणि परत टेबलाशी यायची. ऐकणाऱ्या हसायच्या आणि कामाला लागायच्या. सापडलेल्या सुया कपडे धुण्याच्या पावडरीच्या एका रिकाम्या डब्यात जायच्या. हा डबा मीटरच्या पेटीवर ठेवलेला असायचा. तो तिथं ठेवला होता सहीताईनं. सुया केराच्या डब्यात टाकल्या तर झाडणाऱ्या बाईला टोचतील, एवढा साधा विचार तिनं केला होता. तो चांगला विचार होता यात शंका नाही. फक्त त्यापुढं महिन्याच्या कागदावर "सापडलेल्या सुया" या रकान्यात शून्य लिहिलेलं यायचं आणि त्याखाली ती सही करायची.

एकदा, फक्त एकदाच, तिनं बैठकीत तोंड उघडलं होतं. ती म्हणाली होती की प्रत्येक थैलीला कुठल्या वॉर्डाची ते सांगणारी चिठ्ठी बांधा. कुठल्या वॉर्डातून सुया येतात ते कळेल, मग त्यांना जाऊन सांगता येईल, आणि त्या थैल्या आम्ही जपून उघडू. सगळ्यांनी माना डोलावल्या. सूचना स्वागतार्ह असल्याची नोंद झाली. पुढच्या महिन्यात साहेबानं प्रेमानं समजावलं, "बाई, कल्पना छान आहे. पण बघा ना, बोर्ड लावल्यापासून सुया यायच्याच बंद झाल्यात. सहा महिने शून्य. मग रुग्णालयाला कुठल्या तोंडानं सांगायचं?" सहीताईनं समोरचं शून्य पाहिलं, त्याखालची आपलीच सही पाहिली, आणि बिस्किट चहात बुडवलं. ते विरघळून कपाच्या तळाशी गेलं.

त्यानंतर ती बैठकीत मूग गिळून बसायला लागली.

मंगळवारी बोर्डावर तीनशे सत्तेचाळीस आकडा होता. सकाळचे साडेदहा वाजले असतील. ट्रॉल्या तुंबल्या होत्या, कारण आदल्या दिवशी गाडी आली नव्हती. जावेनं एक फुगलेली थैली पोटाशी धरून उचलली, टेबलावर सोडली आणि हात आत घातला. मग ती थांबली. ओरडली नाही. हात हळूच बाहेर काढला. अंगठ्याच्या खाली, तळहाताच्या जाड भागात, एक लांब सुई शिरलेली होती, तिच्यामागं प्लास्टिकची नळी लोंबत होती आणि नळीत रक्त होतं.

"मुंगी," जाऊ म्हणाली आणि हसायचा प्रयत्न केला.

सहीताईनं ती नळी पाहिली. इतर सुया बारीक असायच्या, कोरड्या असायच्या, निदान तसं मानता यायचं. तिनं सुई ओढून काढली. जाऊ नळाशी जाऊन हात पिळायला लागली.

"पिळू नकोस," सहीताई म्हणाली. "साबण लाव आणि वाहतं पाणी सोड. पिळायचं नसतं."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कागदात होतं."

होतं खरं. न वाचता सही केलेल्या कागदांतलंही काहीबाही डोक्यात शिरतंच. त्याच कागदात होतं की अशी सुई टोचली तर गोळ्या सुरू करायच्या असतात, पहिल्या काही तासांत केल्या तर उत्तम, आणि तीन दिवस उलटले तर काही उपयोग नाही. गोळ्या रुग्णालयात मिळतात आणि त्यासाठी लॉन्ड्रीची लेखी चिठ्ठी लागते. सहीताईनं हे सगळं जावेला तिथंच, नळाशी, हळू आवाजात सांगितलं.

जावेनं मान हलवली. "अठरा दिवस राहिलेत ताई. एकतीस बायका आहेत. माझ्या एका हातापायी सगळ्यांच्या सुट्टीवर पाणी पडायचं."

"हात तुझा आहे."

"आणि तोंड लपवायला जागा कुठाय मला? उद्यापासून कोण बोलेल माझ्याशी?" तिनं चिकटपट्टीचं टोक दातांनी तोडलं. "काही होत नाही. एवढ्याजणींना टोचलं, कुणाला काय झालं?"

कुणाला काय झालं हे कुणीच तपासलेलं नव्हतं. पण हे सहीताईला त्या क्षणी सुचलं नाही. मुकादम लांबून बघत होता आणि ट्रॉल्या तुंबलेल्या होत्या. ती टेबलाकडं परतली.

दोघी राहायच्या एकाच घरात. दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर, दोन भाऊ, दोन जावा, आणि जावेच्या दोन मुली. संध्याकाळी दोघी शेंगा निवडत बसल्या. दिवसभर निवडायचं आणि घरी येऊन परत निवडायचं, असं सहीताई एरवी म्हणायची आणि जाऊ हसायची. त्या दिवशी ती तसं काही म्हणाली नाही. मुली बाहेरच्या खोलीत पाढे म्हणत होत्या.

"भावोजींना सांगितलंस?" सहीताईनं विचारलं.

"काय सांगायचं? दारात कुणी काही म्हटलं तरी मला लॉन्ड्री सोडायला लावायला निघतात ते. तुम्ही पण बोलू नका."

"गोळ्या घेतल्यास तर कुणाला कळणार?"

"चिठ्ठी लिहिली की बोर्ड उतरणार. बोर्ड उतरला की सगळ्यांना कळणार." जावेनं शेंग मोडली. "ताई, त्या सुट्टीला तुम्ही काय करणार होता?"

"झोपणार."

"मी पण," जाऊ म्हणाली. "मुलींना शाळेत सोडून यायचं आणि पडदा ओढून घ्यायचा. दुपारी दोनपर्यंत. मला शेवटचं कधी दुपारी झोपले ते आठवत नाही."

सहीताईला तिला हलवून सांगायचं होतं. शेंगा बाजूला फेकून द्याव्यात आणि तिला हाताला धरून रुग्णालयात न्यावं, असं तिच्या मनात दोनदा आलं. पण पाय ठणकत होते. भाजी चढवायची होती. तीन दिवस आहेत, उद्या बघू, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि ती स्वतःवर चिडली, आणि तरी उठली नाही. थकलेला माणूस फार वाईट वागतो असं नाही. तो फक्त उद्या बघू म्हणतो.

बुधवारी सकाळी जाऊ डाव्या हातानं कणीक मळत होती. उजव्या हाताला फडकं गुंडाळलं होतं. धाकटी मुलगी तिच्या पदराशी झोंबत होती आणि जाऊ तिला कोपरानं दूर सारत होती. एरवी ती त्या पोरीला कडेवरून खाली ठेवायची नाही.

"अगं, घे की तिला जरा," सहीताई म्हणाली.

"नको. मला बाधलं असेल तर?" जाऊ म्हणाली, आणि मग आपण बोलून गेलो हे तिच्या लक्षात आलं.

म्हणजे रात्रभर तिच्या डोक्यात तेच होतं. काही होत नाही असं म्हणणारी बाई आपल्या पोरीला हात लावायला भीत होती. तो लावायला काही हरकत नव्हती, पण तिला ते सांगणारं कोण होतं? सहीताईनं चप्पल घातली आणि डबा न घेताच निघाली.

सात वाजता ती मुकादमासमोर उभी होती. फॉर्म मागितला तर तो म्हणाला की संपलेत. शोधा, ती म्हणाली. अकरा महिन्यांत कुणी न मागितलेला फॉर्म शोधायला त्याला वीस मिनिटं लागली. तिनं उभ्यानंच भरला. जावेचं नाव, काल सकाळी साडेदहा, उजवा तळहात. शेवटच्या प्रश्नाशी ती थोडी थांबली आणि मग तिनं लिहिलं: "घातले होते. बोटं कापलेली. सगळ्यांचीच कापलेली आहेत."

मुकादमानं ते वाचलं आणि त्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. "सहीताई, तुम्हाला सही करायला ठेवलंय. लिहायला नाही."

"सही पण करते," ती म्हणाली आणि केली.

साहेब नऊला आला. त्यानं फॉर्म वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. जावेला बोलावून घेतलं. ती आली ती सहीताईकडं न बघता भिंतीकडं बघत उभी राहिली, कारण तिला न विचारता तिचं नाव लिहिलं गेलं होतं. साहेबानं रुग्णालयाला फोन लावला आणि फोनचा आवाज मोठा केला. तिकडं कपड्यांचा हिशेब बघणाऱ्या सिस्टर होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमच्याकडूनच दर महिन्याला कागद येतो. अकरा महिने आमच्या कपड्यांत एकही सुई नाही. मग ही कुठून आली? बाहेर कुठं टोचली नाही कशावरून? आधी नीट चौकशी करून पाठवा, मग चिठ्ठी घेऊ."

"चौकशीला किती दिवस?" सहीताईनं विचारलं.

"आठ-दहा दिवस," मुकादम म्हणाला.

साहेबानं कपाटातून फाइल काढली. अकरा कागद एकावर एक लावले. "बाई, या सह्या तुमच्याच ना? अकरा वेळा तुम्ही शून्यावर सही केलीत. आता म्हणता सुया असतात. यातलं खरं काय?"

त्यानं हे रागानं विचारलं नाही, खरंच कळेना म्हणून विचारलं, आणि तेच सहीताईला जास्त लागलं. कुणी आरडाओरडा केला असता तर तिलाही चढता आवाज लावता आला असता. ती बाहेर गेली. मळक्या बाजूला जाऊन स्टुलावर चढली, गुडघा धरून, आणि मीटरच्या पेटीवरचा डबा काढला. तो इतका जड असेल असं तिला वाटलं नव्हतं. केबिनमध्ये परत येऊन तिनं वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर डबा उपडा केला.

सुयांचा ढीग पडला. आखूड, लांब, वाकलेल्या, काही टोपणासकट, बऱ्याच टोपणाशिवाय. मुकादम दोन पावलं मागं सरकला.

"खोटं ते अकरा कागद," सहीताई म्हणाली. "सह्या माझ्याच. हा डबाही मीच ठेवला."

"माझ्यापासून का लपवलंत?" साहेब म्हणाला.

"तुम्हाला शून्य आवडलं, साहेब. आम्ही दिलं." तिला एकदम बसावंसं वाटलं, पण कुणी बसा म्हणालं नव्हतं. "आणि मलाही आवडलं. सही करायला सोपं होतं. चिठ्ठ्या बांधा म्हणून मीच सांगितलं आणि सुया नाहीत म्हणून मीच लिहून दिलं. आता मला काय पत्र द्यायचं ते द्या. पण हिची चिठ्ठी आज द्या. दोन दिवसांनी दिलीत तर ती उशीखाली ठेवायच्या कामाची."

साहेब सुयांकडं बघत राहिला. मुकादमानं मध्ये तोंड घातलं. तो म्हणाला की डबा हिचा, सुया हिच्या, कुठून गोळा केल्या देव जाणे, एका बाईच्या सांगण्यावर कसं जायचं? दार उघडंच होतं. डब्याचा आवाज ऐकून रोलरवाली आणि घड्या घालणाऱ्या तीन-चार बायका दाराशी जमल्या होत्या. सुट्टी गेली हे त्यांना तोवर कळून चुकलं होतं. त्यांच्या चेहऱ्यांकडं बघायची सहीताईची छाती होत नव्हती. रोलरवालीकडं तर मुळीच नाही. तिनं तिच्या भावाच्या गावचं तिकीट काढून ठेवलं होतं.

रोलरवाली आत आली. ढिगाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "त्यातल्या चार माझ्या."

"तुम्ही तर स्वच्छ बाजूला," साहेब म्हणाला.

"धुऊन, वाळून, इस्त्री होऊन येतात साहेब. चांगल्या स्वच्छ असतात." तिनं हाताचा पंजा पुढं केला आणि मधल्या बोटावरचा एक काळा ठिपका दाखवला. "हा जानेवारीतला. लिहून घ्या."

दारातून आणखी एकजण म्हणाली की तिच्या दोन. एकजण निघून गेली आणि जाताना तिनं सहीताईकडं असं पाहिलं की ते पुढं कितीतरी दिवस तिच्या अंगात रुतून राहिलं. पण साहेबानं कागद पुढं ओढला आणि चिठ्ठी लिहायला घेतली. सिस्टरना परत फोन लावून तो म्हणाला, "आमचे आकडे चुकीचे होते. माझी जबाबदारी." त्याला एवढं श्रेय द्यायला हवं.

रुग्णालयात जायला वेगळी गाडी नव्हती. धुतलेले कपडे घेऊन जाणाऱ्या टेंपोत चालकाशेजारी दोघी दाटीवाटीनं बसल्या. फाटकातून बाहेर पडताना मुकादम शिडीवर चढून पाट्या काढत होता. त्याच्याकडं शून्याची पाटी एकच होती, म्हणून त्यानं ती मधल्या खिळ्याला लावली आणि दोन खिळे मोकळे सोडले. जाऊ ते बघत राहिली.

"मला विचारलं का नाही तुम्ही?" ती म्हणाली.

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"हो. नाहीच म्हणाले असते." फाटक मागं पडल्यावर ती पुढं म्हणाली, "पण विचारायचं होतं."

तीन वर्षांपूर्वी सहीताईचंही नाव असंच कुणीतरी न विचारता घातलं होतं.

रुग्णालयात कागद, शिक्के आणि बाकडी यांत दुपारचे अडीच वाजले. डॉक्टर लहानसर चणीची, तरुण, आणि त्या दोघींहूनही दमलेली दिसत होती. तिनं तळहात उजेडात धरून पाहिला.

"किती वाजता टोचली?"

"काल साडेदहाला," सहीताई म्हणाली.

"म्हणजे अठ्ठावीस तास. मुदतीत आहात." डॉक्टर लिहीत होती. "पण काल दुपारीच आणलं असतं तर जास्त बरं झालं असतं. तासागणिक फरक पडतो."

सहीताईला आदल्या संध्याकाळच्या शेंगा दिसल्या. तिनं मान खाली घातली.

पहिली गोळी जावेनं तिथंच घेतली. अठ्ठावीस दिवस रोज घ्यायची होती, चुकवायची नव्हती. मळमळेल, थकवा येईल, असं डॉक्टर म्हणाली. थकव्याचं ऐकून जाऊ किंचित हसली. रक्त आज तपासायचं, परत सहा आठवड्यांनी, परत तीन महिन्यांनी. तोवर नक्की काही सांगता येणार नव्हतं. मुलींना जवळ घेतलं तर चालेल का, हे तिनं फार हळू विचारलं, आणि डॉक्टरनं लिहिणं थांबवून तिच्याकडं बघत सांगितलं, खुशाल घ्या, मांडीवर घ्या, त्यानं काही होत नाही. तेव्हा जावेचे डोळे पहिल्यांदा भरून आले.

डॉक्टरनं कागद फाडून दिला. मग सहज, पेनला टोपण लावता लावता, तिनं सहीताईला विचारलं, "तुम्ही पण त्याच टेबलावर ना? तुम्हाला कधी टोचलीय?"

"नाही," सहीताई म्हणाली.

शब्द आपोआप आला. विचार करायला वेळच लागला नाही, जसा सही करायला लागत नसे. बोलून झाल्यावर तिलाच ते ऐकू आलं. डॉक्टर पुढच्या पेशंटला हाक मारायला दाराकडं वळली होती. जाऊ रक्त काढलेल्या जागी, कोपराच्या वळणावर, कापूस दाबून बसली होती, डोळे पुसायला तिला हात मोकळा नव्हता. ती खाली बघतच म्हणाली, "ताई, पट्टी मीच लावत आलेय ना तुम्हाला?"

डॉक्टर परत येऊन खुर्चीत बसली. तिनं नवा कागद घेतला. सहीताईनं उजवा हात टेबलावर ठेवला, उलटा, तळवा वर करून, आणि ती त्याच्याकडं बघत बसली, जणू तो दुसऱ्या कुणाचा हात तिला निवडायला दिला होता.

"किती वेळा?" डॉक्टरनं विचारलं.

सहीताईनं अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर टेकवला आणि मोजायला लागली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. एकेक पेर करत ती तर्जनीपर्यंत आली, तर्जनीचं शेवटचं पेर झालं, आणि मग तिनं तो हात मांडीवर घेतला आणि डावा हात पुढं केला.